सुई, विंचू आणि अर्धं हसू

चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कडेने गळतं. आरशात बघावं तर हसू अर्ध्याच तोंडावर, आणि एक डोळा काही केल्या मिटत नाही. रात्री झोपताना तर सगळं ठीक होतं! दर वर्षी एक लाख लोकांमागे साधारण वीस ते तीस जणांवर अशी सकाळ उजाडते. डॉक्टर या दुखण्याला बेल्स पाल्सी म्हणतात, आपले वैद्य अर्दित म्हणतात. दक्षिण कोरियात असं झालं की घरातली वडीलधारी माणसं हमखास सांगतात, आधी जाऊन सुया टोचून घे.

कोरियातल्या या उपचाराची कहाणी मोठी रंगतदार आहे. तिच्यात एक हद्दपार झालेला राजवैद्य आहे, विंचू आहेत, बुरशीने मेलेले रेशमाचे किडे आहेत आणि डॉक्टरांचा एक देशव्यापी संपही आहे.

पाऊण मिलिमीटरहून अरुंद बोगदा

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या. त्यातली सातवी चेहऱ्याची. कपाळावर आठी घालणं, डोळा मिचकावणं, शीळ घालणं, फुंकर मारणं ही सगळी हिची कामं. मेंदूपासून चेहऱ्यापर्यंत येताना ती कानाजवळच्या हाडातल्या एका लांबलचक बोगद्यातून जाते. या बोगद्याला सोळाव्या शतकातल्या फालोपिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. स्त्रियांच्या बीजवाहक नलिकेला ज्याचं नाव मिळालं, तोच हा! बोगदा सर्वांत अरुंद आहे तिथे त्याची रुंदी पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. नसेला सूज आली तर तिने फुगायचं कुठे? अरुंद बोळात कडब्याची गाडी अडकावी तशी ती अडकते, आणि चेहऱ्याला जाणारे निरोप थांबतात.

सूज का येते? मोठा संशय आहे तो ओठांवर पुरळ उठवणाऱ्या नागिणीच्या जातकुळीतल्या विषाणूवर. १९९६ मध्ये जपानच्या एहिमे विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी या नसेतला द्रव तपासला, तेव्हा १४ पैकी ११ रुग्णांमध्ये हा विषाणू सापडला.

ही नस फक्त स्नायू हलवते असं मात्र समजू नका. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव तिच्याकडे, डोळ्यातलं पाणी आणि तोंडातली बरीचशी लाळही तिच्याकडे. शिवाय कानातल्या एका चिमुकल्या स्नायूचा लगाम तिच्या हातात असतो. शरीरातल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये हा सर्वांत लहान. मोठा आवाज आला की तो कानातलं हाड आवरून धरतो. तो ढिला पडला की साधं ताट पडलं तरी कानठळ्या बसतात. म्हणूनच काही रुग्ण सांगतात, "तोंड वाकडं झालंच, पण आमटी बेचव लागते आणि मिक्सरचा आवाज सहन होत नाही." तिन्ही तक्रारी एकाच नसेच्या.

ज्याच्या नावाने हा आजार ओळखला जातो तो चार्ल्स बेल एडिंबरोचा. शस्त्रवैद्य आणि उत्तम चित्रकार. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तो जखमींवर उपचार करायला धावला आणि त्यांची चित्रंही काढून ठेवली. चेहऱ्याच्या नसेचं वर्णन त्याने १८२१ मध्ये मांडलं. पण त्याच्या किती तरी शतकं आधी इराणच्या अल-राझी या हकिमाने चेहऱ्याच्या अशा लकव्याचं बारकाईने वर्णन करून ठेवलं होतं.

थांबा, आधी कपाळ बघा

पुढची मजा वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवा. भुवया वर उचलून बघायच्या. कपाळाच्या त्या बाजूलाही आठ्या पडत नसतील तर दोष बहुधा नसेत आहे. आठ्या दोन्हीकडे नीट पडतात, पण तोंड खालून वाकडं आहे, हात जड झालाय किंवा बोलणं अडखळतंय, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून झटक्यात ते बहुतेक वेळा शाबूत राहतं. ही फक्त खूण आहे, निकाल नव्हे. तोंड अचानक वाकडं झालं की कुठल्याही सुईआधी, काढ्याआधी मोठं रुग्णालय गाठायचं.

वाऱ्याचा मार

कोरियात लहान मुलांना ताकीद असते, गार फरशीवर झोपू नकोस, तोंड फिरेल! घराची जमीन खालून उबदार ठेवायची पद्धत असलेल्या देशात गार फरशीचं हे भय समजण्यासारखं आहे. यामागे जुनं वैद्यक आहे. बाहेरचा वारा शरीराच्या वाटांमध्ये घुसतो आणि चेहरा ओढून वाकडा करतो, असं ते मानतं. आपल्याकडेही 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, आणि आयुर्वेदात अर्दित हा वाताच्याच रोगांमध्ये मोजला जातो.

सुश्रुतसंहितेत या रोगाबद्दल एक बारकावा आहे. ज्या रोग्याची पापणी लवत नाही, बोलणं अस्पष्ट आहे किंवा ज्याचं दुखणं तीन वर्षं जुनं आहे, तो बरा होणं अवघड, असं तिथे सांगितलं आहे. पापणी लवते का, हे आजचे डॉक्टरही अगदी आधी बघतात. इतक्या जुन्या निरीक्षणाला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

राजवैद्य म्हणाला, मला सुया टोचता येत नाहीत

आता कहाणीचा नायक. हॉ जुन, सोळाव्या शतकातला. आई उपपत्नी, त्यामुळे जोसॉन राजवटीच्या काळच्या समाजात त्याच्यासाठी मोठ्या पदांची दारं बंदच होती. वैद्यकाचं दार तेवढं किलकिलं होतं. त्यातून तो आत शिरला आणि थेट राजवाड्यात पोचला. १५९० मध्ये राजपुत्र क्वांगहेला देवी आल्या, तेव्हा त्याने त्याला वाचवलं. १५९२ मध्ये जपानी फौजा कोरियात घुसल्या आणि राजा सॉन्जो चीनच्या सीमेकडे पळाला. भले भले मानकरी वाटेत गळाले, पण हा वैद्य शेवटपर्यंत राजाबरोबर राहिला.

१५९६ मध्ये राजाने त्याला फर्मावलं, सगळ्या वैद्यकाचा एक ग्रंथ तयार कर. मदतीला वैद्यांचं मंडळ दिलं. पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा भडकलं आणि मंडळ पांगलं. हॉ जुन एकटाच लिहीत राहिला. १६०८ मध्ये राजा वारला. राजा गेला म्हणजे वैद्य चुकला, असा तो काळ. साठी उलटून गेलेल्या हॉ जुनला हद्दपार केलं गेलं. हद्दपारीत त्याने काय केलं? लिखाण पुढे रेटलं! १६१० मध्ये ग्रंथ पुरा झाला आणि १६१३ मध्ये छापून निघाला. 'डोंगुईबोगाम', पंचवीस खंडांचा. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत नोंद केली. वाकड्या तोंडाचं प्रकरण त्यात 'वारा' या भागात येतं.

या ग्रंथाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातली वनस्पतींची नावं. पुस्तक पंडिती चिनी लिपीत आहे, पण सहाशेहून अधिक औषधांची देशी नावं हॉ जुनने साध्या कोरियन लिपीत दिली. गावातल्या माणसाला बांधावरची मुळी ओळखता यावी, म्हणून. युद्धाने उपाशी झालेल्या देशात महागडी चिनी औषधं कोण आणणार होतं?

आणि आता गंमत. १६०४ मध्ये एका रात्री राजाचं डोकं भयंकर दुखू लागलं. हॉ जुनला बोलावलं. दरबारी नोंदीप्रमाणे त्याने सरळ सांगितलं की सुया टोचण्याची कला मला येत नाही! मग हॉ इम नावाच्या दुसऱ्या वैद्याने सुया टोचल्या. हा हॉ इम एका दरबारी वादकाचा मुलगा. पुढे १६४४ मध्ये त्याचं सुयांवरचं अनुभवाचं पुस्तक निघालं आणि ते कोरियाबाहेरही वाचलं गेलं. देशातल्या सर्वांत मोठ्या वैद्याने राजासमोर 'हे मला येत नाही' म्हणावं, याला केवढं धाडस लागलं असेल!

हॉ जुनवर १९९९-२००० मध्ये निघालेल्या टीव्ही मालिकेचं प्रेक्षकमान साठ टक्क्यांच्या वर गेलं होतं. कोरियात ऐतिहासिक मालिकांना असं यश क्वचितच मिळालंय.

सुई नेमकी कुठे

ओठाच्या कोपऱ्यावरचा बिंदू जिचांग. जबड्याच्या कोनाजवळचा ह्योप्को. भुवईच्या वर यांगबेक. कधी कधी वैद्य ओठाच्या कोपऱ्यातून सुई कातडीखालून आडवी सरकवत जबड्याच्या दिशेने नेतो, म्हणजे एका सुईत दोन बिंदू साधले जातात. वाचायला भयानक वाटतं, पण सुई जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची असते.

कानाच्या पाळीमागच्या खळग्यातला येपुंग हा बिंदू विशेष. चेहऱ्याची नस हाडाच्या बोगद्यातून जिथे बाहेर पडते, ती जागा अगदी त्याच्या शेजारी! बेल्स पाल्सीच्या रुग्णांना सुरुवातीला पुष्कळदा कानामागेच दुखतं. जुन्या वैद्यांना नस ठाऊक नव्हती, पण दुखणारी जागा रुग्णांनीच दाखवली असेल, असं मला वाटतं.

एक सुई हमखास हातात जाते, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसल भागात. त्या बिंदूचं नाव हापगोक. चेहरा आणि तोंड यांच्या तक्रारींसाठी हा बिंदू पूर्वेकडच्या वैद्यकात शेकडो वर्षं वापरात आहे. कोरियाची खास 'साआम' पद्धत तर आणखी पुढे जाते. ती एका बौद्ध भिक्षूच्या नावावर आहे. दुखणं डाव्या गालात असेल तर सुया उजव्या हातापायाला!

सुयांच्या जोडीला शेक असतो. नागदवण्यासारख्या एका रानटी झुडपाची वाळलेली पानं कुटून त्यांचा कापूस करतात आणि तो बिंदूवर किंवा बिंदूजवळ धुमसत ठेवतात. कोरियन दंतकथेत एका अस्वलीला माणूस व्हायचं होतं, तेव्हा देवाने तिला हाच पाला आणि लसूण खाऊन गुहेत बसायला सांगितलं. ती टिकली, बाई झाली आणि कोरियाच्या पहिल्या राजाची आई झाली. आपण जोतिबाला जो दवणा वाहतो, तो याच झुडपाच्या कुळातला.

सुयांचं हे शास्त्र भारतात आलं त्यातही एक मराठी धागा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकले आणि ते त्यांनी भारतात रुजवलं. ती वाट चीनची, पण बिंदू बहुतेक तेच.

काढ्यात विंचू

चेहऱ्याच्या लकव्यावरचं एक जुनं प्रसिद्ध चूर्ण आहे. मूळ चिनी, बाराव्या शतकातलं. कोरियात त्याला ग्योनजोंगसान म्हणतात. घटक फक्त तीन. वाळवलेले विंचू, पांढरे पडून मेलेले रेशमाचे किडे आणि एका विषारी वनस्पतीचा कंद.

विंचवाचा विचार सरळ होता. जो नांगी मारून अंगाला झटके आणतो, तोच झटके थांबवेल. रेशमाच्या किड्याची गोष्ट याहून भारी. हा किडा आपोआप मेलेला चालत नाही, तो एका विशिष्ट बुरशीनेच मेलेला लागतो. ही बुरशी त्याला आतून खाते आणि वरून चुन्यासारखा पांढरा थर चढतो. याच बुरशीमुळे इटलीत रेशीम-उद्योगाचं दिवाळं निघत होतं. आगोस्तिनो बास्सी वर्षानुवर्षं तिच्या मागे लागला आणि १८३५ मध्ये त्याने दाखवून दिलं की रोग एका सूक्ष्म जीवामुळे होतो आणि संसर्गाने पसरतो. पाश्चरच्या कितीतरी आधी! बुरशीला नाव मिळालं तेही बास्सीचंच. एका देशात ज्या किड्याला औषध म्हणून भाव, दुसऱ्या देशात त्याच्यापासून रोगजंतूंच्या शास्त्राची सुरुवात.

तिसरा घटक, तो कंद. कोरियात त्यासाठी वापरतात ती वनस्पती बचनागाच्या कुळातली. बचनाग म्हटलं की मराठी माणूस दोन पावलं मागे सरतो, आणि ते बरोबरच आहे. आपले वैद्य बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. कोरियन वैद्यही विषारी कंदांवर प्रक्रिया करतात. हे चूर्ण ऑनलाइन मागवून घरी घ्यायची चीज नाही. एवढं मी अगदी कळवळून सांगते.

अशा औषधांचा बाजार बघायचा असेल तर सोलमध्ये जेगी-दोंग भागात जावं. गल्ल्याच्या गल्ल्या मुळ्या, साली, वाळकी फळं आणि जिनसेंगने भरलेल्या. देगू शहरातला औषधी बाजार तर १६५८ पासूनचा, शिवरायांच्या काळातला. काढा घरी मातीच्या भांड्यात उकळत बसण्याचे दिवस मात्र गेले. आता दवाखाना तो उकळून यंत्राने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून देतो. सकाळ-संध्याकाळ एक पिशवी गरम करायची आणि प्यायची.

मधमाशी आणि दोरा

नव्या कोरियन पद्धतीत सुईच्या बिंदूवर औषधी अर्क टोचतात. कधी मधमाशीचं विरळ केलेलं विष असतं. त्याची अॅलर्जी असली तर जीव जाऊ शकतो. २०१८ मध्ये सोलजवळ बुचन शहरात मधमाशीच्या विषाची सुई घेतल्यावर एका शिक्षिकेचा मृत्यू झाला आणि देशभर खळबळ उडाली. तिचं मूळ दुखणं पाठीचं होतं, चेहऱ्याचं नव्हे. पण विष तेच. चाचणी न करता ही सुई घेऊ नये.

दुसरा प्रकार दोऱ्याचा. शस्त्रक्रियेत वापरतात तसला विरघळणारा दोरा सुईने गालात सोडून देतात आणि तो काही महिन्यांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्या चेहऱ्यात जुनं वाकडेपण उरलंय, त्यांच्यासाठी हा वापरतात. गाल ओढून धरायला सौंदर्य-दवाखान्यांतही हाच दोरा चालतो.

वाकडं तोंड आणि डॉक्टरांचा संप

कोरियात दोन वैद्यकं कायद्याने शेजारी नांदतात. १९५१ च्या कायद्यापासून कोरियन वैद्याला स्वतंत्र परवाना मिळतो. सहा वर्षांचं शिक्षण, वर राष्ट्रीय परीक्षा. १९८७ पासून सुया आणि शेक यांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विम्यातून मिळतो. पण वैद्याने रुग्ण बघून खास बांधलेला काढा खिशातूनच घ्यावा लागे.

नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने प्रयोग म्हणून काढ्यालाही विम्यात घेतलं, फक्त तीन तक्रारींसाठी. मासिक पाळीचं दुखणं, वृद्धांमध्ये मेंदूच्या झटक्यानंतर उरलेला त्रास, आणि चेहऱ्याच्या नसेचा लकवा! त्याआधी ऑगस्टमध्ये आधुनिक डॉक्टर देशभर संपावर गेले होते. मुख्य राग वैद्यकीय शिक्षणाच्या जागा वाढवण्यावर होता, पण त्यांच्या विरोधाच्या चार मुद्द्यांत काढ्याचा विमाही होता. काढा सुरक्षित आणि गुणकारी आहे हे आधी सिद्ध करा, मग पैसे द्या, असं त्यांचं म्हणणं. प्रयोग थांबला नाही. एप्रिल २०२४ मध्ये तो वाढवून त्यात नाकाची अॅलर्जी, अपचन आणि कमरेच्या गादीचं दुखणं हेही घातलं.

मग गुण कशाने येतो?

इथे डॉक्टरांच्या शंकेत दम आहे, आणि तो आकड्यांत दिसतो. कोपनहेगनमध्ये काहीच उपचार न घेतलेल्या बेल्स पाल्सीच्या सतराशे रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. ७१ टक्के पूर्ण बरे झाले, आपोआप! ८५ टक्क्यांमध्ये तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली होती. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुम्ही सुया टोचा, काढा प्या, जायफळ उगाळा, दहातले सात जण बरे होणारच आणि श्रेय त्या उपायाला मिळणार. अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१७ मध्ये सांगितलं की तिला बेल्स पाल्सी झाली होती आणि ती अॅक्युपंक्चरने पूर्ण बरी झाली. तिचा अनुभव खरा आहे. सुयांशिवाय काय झालं असतं, हे तिच्या एकटीच्या अनुभवातून कळत नाही.

स्टेरॉइडचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. स्कॉटलंडमध्ये साडेपाचशे रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये छापलेल्या चाचणीत, ७२ तासांच्या आत प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी ८३ टक्के तीन महिन्यांत पूर्ण बरे झाले. न घेतलेल्यांमध्ये ते प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होतं. सुयांबद्दल, आधीच्या चाचण्या एकत्र पारखणाऱ्या २०१० च्या कॉक्रेन आढाव्याने सांगितलं की उपलब्ध चाचण्या इतक्या कच्च्या आहेत की निष्कर्ष काढता येत नाही. त्यानंतर २०१३ मध्ये चीनमध्ये ३३८ रुग्णांवर चाचणी झाली. सगळ्यांना स्टेरॉइड दिलं होतं आणि सगळ्यांना सुयाही. ज्यांच्या सुया झिणझिण्या येईपर्यंत फिरवल्या, त्यांचे चेहरे सहा महिन्यांनी अधिक सुधारलेले दिसले. कोरियातल्या ३९ जुन्या रुग्णांच्या छोट्या चाचणीतही आठ आठवड्यांच्या सुयांनंतर फरक दिसला, पण तुलना नुसत्या थांबलेल्या रुग्णांशी होती. आशा धरावी एवढं यात आहे, स्टेरॉइड सोडून द्यावं एवढं नाही.

सोलच्या क्यूंग ही विद्यापीठासारख्या ठिकाणी आता दोन्ही वैद्यकं एका आवारात आहेत. मला ही वाट सर्वांत शहाणपणाची वाटते. पहिल्या तीन दिवसांत गोळी, सोबत सुई हवी तर सुई. लक्षणं सुरुवातीचे काही दिवस वाढू शकतात, म्हणून घाबरून दवाखाने बदलत सुटायचं नाही. उघड्या डोळ्याची काळजी दोन्हीकडे सारखीच घेतात. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, कारण कोरडं पडलेलं बुबुळ कुठल्याही सुईने परत मिळत नाही. आणि तीन-चार महिने उलटूनही चेहरा तसूभर हलला नसेल, तर पुढच्या सुईआधी एमआरआय करून घ्यायचा. नसेवर एखादी गाठ दाबत असेल तर ती तिथेच दिसते.